डार्ला कुचेराचं पहिलं बलस्थान

आमच्या हेस्टिंग्ज गावात डार्ला कुचेराबद्दल एक गोष्ट पक्की मानली जाते. ती अशी, की डार्लाने कंपनीच्या चाचणीत लबाडी केली. उन्हातान्हात मक्याच्या शेतांतून हिंडायचा तिला कंटाळा आला होता, म्हणून तिने उत्तरं अशी काही गोड दिली की साहेब विरघळले आणि तिला गार हवेच्या खोलीत मऊ खुर्ची मिळाली. 'बाई पोचलेली आहे,' असं लोक म्हणतात, आणि म्हणताना डोळे बारीक करतात.

डार्ला माझी सख्खी मावशी. तिने लबाडी केली, हे खरं आहे. पण पहिल्या चाचणीत नाही, दुसऱ्या चाचणीत. आणि मऊ खुर्ची मिळवायला नाही, सोडायला.

पहिल्या चाचणीच्या आधी मावशी पीकविमा कंपनीत गारपिटीची पाहणी करायची. गारा पडल्या की शेतकरी कंपनीला फोन करतो, मग कोणीतरी जाऊन किती पीक गेलं ते बघून यायचं असतं. मावशी ट्रक घेऊन जायची. मक्याचं ताट हातात धरायची, फाटलेली पानं उलटीपालटी करायची, देठ उभा चिरून आतला कोंब पांढरा आहे की तपकिरी ते बघायची. पांढरा म्हणजे जिवंत. दिवसभरात ती मोजून चार वाक्यं बोलायची आणि त्यातली दोन शेतावरच्या कुत्र्याशी. घरी आली की हात धुवायची, पोटभर जेवायची आणि खुर्चीत बसल्या बसल्या घोरायची. आई सांगते, तेव्हा डार्ला गाणी म्हणायची. मला ते अजून खरं वाटत नाही.

मग कंपनीत चाचणी आली. आमच्याकडे ही चाचणी न दिलेला माणूस सापडणं म्हणजे मका न खाल्लेलं डुक्कर सापडणं. संगणकावर दोन टोकांना दोन वाक्यं येतात, तुम्ही कुठल्या बाजूचे ते सांगायचं, विचार करायला वेळ घ्यायचा नाही असा नियम. शेवटी तुमची पाच बलस्थानं बाहेर पडतात, पहिल्या नंबरापासून पाचव्यापर्यंत. मग ते पाच शब्द टेबलावरच्या नावाच्या पाटीखाली लावायचे. नवीन माणूस भेटला की तो आधी नाव सांगतो, मग पाच शब्द, मग हवामान.

मावशीचे साहेब ब्रेंट लुडके. तोंडावर मी त्यांना मिस्टर लुडके म्हणते, घरात नुसता ब्रेंट. ब्रेंट नाकातून बोलतो आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी दोन्ही तळहात वर करतो, जणू कोणी त्याच्या हातावर गरम पिझ्झा ठेवणार आहे. आणि तो स्वतः कधीच बोलत नाही, त्याची बलस्थानं बोलतात.

"डार्ला, हे मी बोलत नाहीये हं, माझा पुढाकार बोलतोय."

"ते कपाट जरा लावून घ्या ना. माझा नेटकेपणा केव्हाचा अस्वस्थ झालाय."

एकदा चर्चच्या जेवणात बटाट्याच्या सॅलडसमोर उभा राहून तो म्हणाला होता, "माझी दूरदृष्टी सांगते, हे सगळ्यांना पुरणार नाही." पुरलं नाही, हे मात्र खरं. कारण ते बोलून त्याने दोनदा वाढून घेतलं.

तर मावशीचा निकाल आला आणि पहिल्या नंबरावर शब्द होता 'सहवेदना'. समोरच्याच्या मनातलं त्याने सांगायच्या आधी कळणं. ब्रेंटच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे.

"डार्ला! अगं, तुझ्यात हे एवढं आहे, आणि आम्ही तुला देठ चिरायला पाठवत होतो!" पिझ्झा वर. "वाया घालवलं आम्ही तुला!"

खरं तर निकाल बरोबर होता. चुकलं ते पुढचंच. आमच्याकडे एकदा कळलं ना, की तू अमुक गोष्टीत चांगला आहेस, की ती गोष्ट तुला सकाळ-संध्याकाळ करायला देतात आणि वर अभिनंदनही करतात. तुला ती करून कसं वाटतं, हा प्रश्न चाचणीत नव्हता. म्हणून तो कोणी विचारलाच नाही.

कंपनीने मावशीला एक खोली दिली. दोन मऊ खुर्च्या, टिश्यूचा डबा आणि प्लास्टिकचं एक झाड. कोणाला नोकरीवरून काढायचं असलं की त्याला तिथे पाठवायचं. कोणाचा दावा नाकारला आणि तो फोनवर ओरडायला लागला की फोन त्या खोलीत जोडून द्यायचा. कोणाचा नवरा गेला, कोणाची बायको गेली, कागदांवर सह्या हव्यात, तर तिथेच. लोक बसायचे आणि रडायचे. मावशी गप्प बसायची. तिच्या गप्प बसण्यात काय असतं देव जाणे, पण समोरचा माणूस बोलत सुटतो. सगळं बोलून होतं, नाक पुसतो, "बरं वाटलं हं, डार्ला," म्हणतो आणि निघून जातो. त्याला बरं वाटतं ते वाटतं कुठून, हे कोणी बघितलं नव्हतं.

मी बघितलं. मावशी आमच्या शेजारच्याच घरात राहते. गाडी गॅरेजमध्ये आणते, इंजिन बंद करते आणि आतच बसून राहते. रेडिओ नाही, फोन नाही. तिचा नवरा, लाइल काका, दार उघडून विचारतो, "येतेस ना? सूप गार होतंय."

"येते."

आणि बसून राहते.

तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण आमच्या पाद्रीबाईंनी चर्चमध्येही तीच चाचणी घेतली, म्हणजे 'सेवेच्या जागा नीट वाटता येतील'. ज्यांचा पुढाकार, त्यांना समित्या. ज्यांचा नेटकेपणा, त्यांना खुर्च्या लावणं. मावशीला काय मिळालं असेल? अंत्यविधीचं जेवण आणि घरी जाऊन भेटणं. गावात कोणी गेलं की सॅलड, हॅम आणि डार्ला कुचेरा, तिघं बरोबरच पोचतात. वाण्याच्या दुकानात गोठवलेल्या मटारांच्या कपाटाशी तिला बायका गाठतात. कपाटाचं दार उघडंच, मटार वितळताहेत, आणि बाई सांगतेय, "काय सांगू तुला डार्ला, मुलगा फोनच करत नाही बघ."

मी या सगळ्यांच्या नकला करून दाखवायचे, तेव्हा मावशी हसायची. अलीकडे हसणं ओठांपर्यंत यायचं आणि तिथेच बसून घ्यायचं.

"खेचराला ओझं वाहता येतं, हे खरं आहे," ती एकदा आईला म्हणाली. "म्हणून रोज सकाळी त्याच्याच पाठीवर टाकायचं?"

आई म्हणाली, "मग नाही म्हण."

"हं," मावशी म्हणाली. तिच्याकडे 'नाही' हा शब्दच नव्हता. टपालवाल्याने चुकून दुसऱ्याचं पत्र टाकलं, तर ते परत देताना ही माफी मागते.

यंदाच्या वसंतात दोन गोष्टी झाल्या. गारपिटीची पाहणी करणारा व्हर्न ऑस्टडीक गुडघ्यांना कंटाळून निवृत्त व्हायला निघाला. आणि ब्रेंटच्या पुढाकाराने ठरवलं, की सगळ्यांनी चाचणी पुन्हा द्यायची, आणि रिकाम्या जागा निकाल पाहूनच भरायच्या.

मावशीने धीर करून विचारलं, "ब्रेंट, व्हर्नची जागा मला मिळेल का?"

"बघू ना," ब्रेंट म्हणाला. "चाचणी काय म्हणते ते बघू."

व्हर्नची जागा एकच. ती एकदा कोणा तरण्याताठ्या पोराला मिळाली की त्याचे गुडघे जाईपर्यंत रिकामी होणार नाही, आणि तोवर मावशी निवृत्त झालेली असेल. त्या खोलीतूनच. प्लास्टिकच्या झाडाशेजारून.

त्याच आठवड्यात आईने जुन्या वस्तूंच्या दुकानातून चाचणीचं पुस्तक आणलं. त्या दुकानात या पुस्तकांनी एक अख्खं कपाट भरलंय. शेवटच्या पानाला एक पाकीट चिकटवलेलं असतं, त्यात एक संकेतांक असतो, तो वापरून चाचणी देता येते. फक्त एकदाच. एकदा वापरला की पुस्तक म्हणजे शेंगेचं टरफल. दुकानातली सगळीच्या सगळी पाकिटं फाडलेली, आणि गावातली माणसं तरीही विकत घेतात.

"टिली, पुढच्या वर्षी तुझी शाळा संपेल," आई म्हणाली. "तुझ्यात काय आहे ते तुला कळायला नको?"

"आई, पाकीट फाटलंय."

"मग काय झालं? वाच तरी! सदतिसाव्या पानावर कोणीतरी पेन्सिलने खुणाही केल्यात."

"म्हणजे मला त्या कोणीतरीचं भविष्य कळेल."

"तोंड चालव तू नुसतं. तोंड चालवण्याची नोकरी असते का कुठे?"

मावशी तेव्हा आमच्याच टेबलाशी बसून कोलाची, म्हणजे मुरंबा भरलेला गोड पाव, खात होती, तोही जर्दाळूचा मुरंबा काढून टाकून. ती थांबली. पुस्तक स्वतःकडे ओढलं. नमुन्याची वाक्यं वाचली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "टिली, तुला व्हर्नची नक्कल येते ना?"

येते ना म्हणजे काय! व्हर्न बोलायच्या आधी नाकपुड्यांतून हवा सोडतो, मग टोपी मागे सारतो, मग म्हणतो, "हं, तर." आणि त्यानंतर बहुधा काहीच म्हणत नाही. मी लाइल काकाची टोपी घातली आणि सुरू झाले. आईने कपाळाला हात लावला, पण चहा मात्र टाकला.

बेत सोपा होता. मावशीने व्हर्न होऊन उत्तरं द्यायची. व्हर्नसारखी उत्तरं आली की व्हर्नची जागा.

मी पुस्तकातलं वाचलं, "'खोलीत शिरताच मला कळतं कोण नाराज आहे.' की, 'खोलीत शिरताच मला कळतं कुठली खुर्ची डुगडुगते'?"

"नाराज..." मावशी म्हणाली आणि जीभ चावली. "खुर्ची. खुर्ची."

"फूफ्," मी नाकातून हवा सोडली. "हं, तर. खुर्ची."

"पुढचं."

"'मित्र रडत असला तर मी त्याच्याजवळ बसतो.' की, 'मित्र रडत असला तर मी काय बिघडलंय ते दुरुस्त करतो'?"

मी व्हर्न होऊन टोपी मागे सारली. "फूफ्. मी बाहेर जाऊन ट्रकचं तेल बघतो."

आई हसली. मावशी हसली नाही. "नाही गं. व्हर्न बसेल."

"व्हर्न? बसेल?"

"बसेल, पण समोर नाही. शेजारी. दोघांची तोंडं एकाच बाजूला. त्याचा भाऊ गेला तेव्हा तो तसा बसला होता वडिलांजवळ, ट्रकमध्ये. पण चाचणीत तो हे कबूल करणार नाही. तिथे तो 'दुरुस्त करतो' म्हणेल, आणि म्हणताना त्याला थोडं वाईट वाटेल."

मी टोपी काढून टेबलावर ठेवली. मला व्हर्नचं नाक येत होतं. मावशीला व्हर्न येत होता.

त्यानंतर माझी गरजच उरली नाही. ती वाक्य वाचायची, डोळे मिटायची, व्हर्नच्या आत कुठेतरी जाऊन यायची आणि उत्तर सांगायची. आठवडाभर हे चाललं. दर वेळी परत आली की आणखी थोडी दमलेली दिसायची.

चाचणीच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "निकाल मनासारखा लागला, की मी ब्रेंटला खरं काय ते सांगणार."

"काय?" आई किंचाळली. "मग एवढा खटाटोप कशाला?"

"व्हर्नचे शब्द माझ्या पाटीखाली लावून बसले, तर रोज व्हर्न व्हावं लागेल. ते मला जमेल, जोलीन. पण त्यातही मी दमेन. मला काहीच व्हायचं नाहीये. नवा कागद हातात असताना तरी ब्रेंटने माझं ऐकून घ्यावं, एवढंच. नुसतं गेले तर तो ऐकत नाही, पाटी वाचतो."

मी म्हणाले, "मावशे, तू सांगशीलही. पण मग ब्रेंट म्हणेल, 'प्लीज डार्ला, खोलीतच राहा ना,' आणि तू म्हणशील, 'बरं.'"

"'नाही' म्हणेन."

"तू? नाही? ब्रेंटला? तोंडावर?"

"लाव पैज."

"लावली! काय देशील?"

"मी हरले तर वर्षभर तू म्हणशील त्याची नक्कल मी चर्चमध्ये करून दाखवीन. तू हरलीस तर गारांचा मोसम संपेपर्यंत माझा ट्रक तू धुवायचास."

"आतूनसुद्धा," आई मध्येच म्हणाली. आईला माझ्या पैजेत काय पडलंय, कोण जाणे.

मी मनातल्या मनात तिच्यासाठी पाद्रीबाईंची नक्कल निवडूनसुद्धा ठेवली होती.

निकाल लागला. पुढे काय झालं ते मी दोघांकडून ऐकलंय: मावशीकडून आमच्या टेबलाशी, तुकड्यातुकड्याने, आणि ब्रेंटकडून चर्चच्या जेवणात, सगळ्यांसमोर. दोन्ही जोडून सांगते.

ब्रेंटने कागद हातात घेतला, चष्मा काढला, चष्मा लावला. "डार्ला, हा... हा तर व्हर्न आहे."

"हो."

"पाचही शब्द! त्याच क्रमाने! हे असं होतच नाही!"

"मी व्हर्न होऊन उत्तरं दिली, ब्रेंट. मला त्याची जागा हवी आहे. आणि तू माझं ऐकावंस म्हणून मी हे केलं."

ब्रेंट खुर्चीत मागे रेलला. मावशीला वाटलं, आता चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याचा चेहरा असा उजळला, जणू खिडकी उघडली.

"म्हणजे तू अख्खी चाचणी दुसऱ्याच्या मनात शिरून दिलीस? अगं डार्ला, हीच तर सहवेदना! याहून मोठा पुरावा कुठला? एवढी सहवेदना मी आयुष्यात पाहिली नाही! तू त्या खोलीतच हवीस. आपण खोली मोठी करू. भिंतीत खिडकी पाडू. खरं झाड आणू!"

मावशी सांगते, त्या क्षणी तिला इतका थकवा आला, की माफी मागायलासुद्धा अंगात जोर उरला नाही. आणि जोर उरला नाही म्हणूनच तोंडातून तो शब्द बाहेर पडला.

"नाही."

"नाही म्हणजे?"

मावशी गप्प बसली. खोलीत बसते तशी. दुसरं तिला काही येतच नव्हतं.

आणि ब्रेंट बोलत सुटला. आधी कंपनीबद्दल. मग खोलीत दुसरं कोण बसणार याबद्दल. मग म्हणाला, हे मी बोलत नाहीये, माझा पुढाकार बोलतोय. मावशी गप्पच. मग म्हणाला, खरं सांगू का, गेली कित्येक वर्षं तो पुढाकारच बोलतोय. प्रत्येक समितीत मीच, प्रत्येक सहलीत मीच, नाताळच्या नाटकात मीच. बायकोसुद्धा म्हणते, पुढाकार तुझा पहिल्या नंबरावर आहे ना, मग तूच ठरव सुट्टीत कुठे जायचं. मला कुठेच जायचं नसतं, डार्ला. मला अंगणात खुर्ची टाकून बसायचं असतं.

चर्चमध्ये सांगताना ब्रेंटने इथे टिश्यूचा भाग गाळला. मावशीने मला सांगितलाय.

नाक पुसून झाल्यावर तो म्हणाला, "बरं वाटलं हं." मग त्याने तिच्याकडे बघितलं. त्याला बहुधा तेव्हाच दिसलं, की बरं वाटलं ते कुठून वाटलं. ट्रकची किल्ली त्याने खणातून काढली आणि टेबलावर सरकवली. या वेळी तळहात वर केले नाहीत.

खोली काही बंद झाली नाही. तिथे आता केल्सी नावाची नवीन मुलगी बसते. तिचा सहवेदनेचा नंबर दुसरा आला. मावशी शुक्रवारी तिच्यासाठी कोलाची घेऊन जाते आणि दारातूनच देऊन येते, आत बसत नाही. "बसले तर ती बोलायला लागेल," म्हणते. परवा म्हणाली, "पण बसायला हवं होतं." आणि बराच वेळ हात धूत राहिली.

शेतातसुद्धा माणसं रडतात. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "रडतात ना. पण मध्ये मका असतो. शेतकरीही मक्याकडे बघतो, मीही मक्याकडे बघते. एवढं चालतं मला."

ती अजून दमूनच येते. गाणी वगैरे काही म्हणत नाही. आई उगाच सांगत असणार. पण गाडीत बसून राहत नाही. आत येते, जेवते आणि खुर्चीतल्या खुर्चीत घोरायला लागते, तेही गुडघ्यापर्यंतच्या चिखलासकट.

यंदा आमच्या भागात गारा सगळीकडे पडल्या. मोसम संपायचं नाव नाही. लाइल काका नळी आणून माझ्या हातात देतो आणि म्हणतो, "चाकांच्या आतल्या बाजूनेही हं, टिली." मातीत मक्याची पानं अडकलेली असतात, ती बोटांनी ओढून काढावी लागतात. अर्धा ट्रक झाला, की मावशी झोपेतून उठून खिडकीशी येते, काचेवर टकटक करते आणि बोटाने दाखवते, कुठे राहिलंय ते.